पिणाऱ्याकडे नाही, पोराकडे बघा

या प्रवासाला निघण्याआधी एक अट मान्य करा. जिथे जाल तिथे दारू पिणारा माणूस तुमचं सगळं लक्ष ओढून घेईल. तो ओरडेल, रडेल, गळ्यात पडेल, हसवेलसुद्धा. त्याच्या मागे त्याची बायको दिसेल, कारण तिच्या अंगावर वळ असतील. त्या दोघांवरून नजर काढायची आणि मूल कुठे आहे ते शोधायचं. शंभर वर्षांच्या या वाटेवर ते प्रत्येक मुक्कामाला हजर आहे.

बडोदा, १९१९

फेब्रुवारीतली रात्र. गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग चालू आहे आणि तुम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली आहे. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारीतच सावनेरला वारले. आपलं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेलं त्यांना पाहता आलं नाही. रंगमंचावर गणपतराव बोडसांचा सुधाकर आहे आणि बालगंधर्वांची सिंधू. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला प्रेक्षकांनी पोट धरून हसून घेतलं. आता मात्र शेजारचे गृहस्थ उपरण्याने डोळे टिपताहेत.

अट आठवा. मूल कुठे आहे?

सुधाकर आणि सिंधूचं मूल अजून बोलायच्या वयाचं झालेलं नाही. नाटकभर त्याला एकही वाक्य नाही. नशेत बेभान झालेल्या बापाच्या हातून ते मरतं. सिंधूही वाचत नाही, पण शेवटच्या घटकेला फौजदार समोर असताना ती खरं सांगत नाही, नवऱ्याला वाचवते. नाट्यगृह हुंदके देतं ते तिच्या त्या खोट्यासाठी.

तुम्ही मात्र वेगळाच विचार करत बाहेर पडा. ते मूल जगलं असतं, सहा-सात वर्षांचं झालं असतं आणि दाराआडून आईचं ते खोटं त्याने ऐकलं असतं, तर? आपल्या घरात जे घडतं ते बाहेर सांगायचं नसतं, एवढंच ते शिकलं असतं. पुढचे मुक्काम त्या जगलेल्या मुलाचे आहेत.

मुंबई, १९५३

इथे फार थांबायचं नाही. मुंबई राज्यात दारूबंदी आहे आणि बाटली बाळगणं गुन्हा आहे. गुत्ते बंद झाले, पण त्यांच्या जागी हातभट्ट्या आल्या, आंटीचे अड्डे आले. गल्लीच्या तोंडाशी हाफपँटमधलं एक पोर उभं आहे. त्याचं काम पोलीस दिसला की शीळ घालायचं. रात्री बाप घरूनच सांगतो, ‘जा, नवटाक घेऊन ये.’ पोर गेलं तर आई बोलते, नाही गेलं तर बाप मारतो. कायद्याने बापाला गुन्हेगार ठरवलं. त्याच्यासाठी दारू आणणाऱ्या पोराचं काय करायचं, हे त्या कायद्याला सुचलं नव्हतं.

लालबाग, १९८१

इथे राहायचं आहे. आणि इथे तुम्हाला कुणी ‘अहोजाहो’ करणार नाही, कारण आता तू दहा वर्षांची आहेस.

चाळीचा दुसरा मजला. एक खोली, त्यातच मोरी, भिंतीला लावलेली लोखंडी खाट आणि पोटमाळा. बाबा मिलमध्ये साच्यावर आहेत. घरी तुम्ही चार भावंडं, तू थोरली. गणपती होऊन गेले आहेत आणि आज मिलमध्ये पगार आहे.

गेला महिना किती बरा गेला. बाबांनी श्रावण पाळला होता. गटारीला पिऊन घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून एक थेंब नाही. संध्याकाळी वेळेवर घरी. तुझी वेणी घालून दिली, थोडी वाकडी पण घट्ट. धाकट्याला खांद्यावर बसवून गणपती दाखवायला नेलं. शेजारी कुणी टोकलं की बाबा छाती काढून म्हणायचे, ‘बेवडा असतो तर श्रावण पाळला असता का?’ तुला ते पटलं होतं. आई काहीच बोलली नव्हती.

आणि गणपती विसर्जनाच्या रात्री आईने त्यांना खाटेपाशी उभं केलं. ‘पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा.’ बाबांचा हात तुझ्या केसांवर आला. जड, कोमट, साच्याच्या तेलाचा वास असलेला. ते म्हणाले, ‘हिची शप्पथ. परत शिवणार नाही.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरंच बोलत होते, हे तुला आजही ठाऊक आहे. आई समाधानाने चुलीकडे वळली.

त्या शपथेचा अर्थ तू आपल्यापुरता लावलास, तो मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. बाबा प्यायले तर तू मरणार.

आज पगार. दुपारी आई धाकट्याला कडेवर घेऊन मिलच्या गेटवर जाते. तिथे तिच्यासारख्या आणखी बायका उभ्या आहेत आणि व्याजाचे पैसे वसूल करायला आलेले पठाणही. बाबा हाती लागले तर महिना निघतो. आज ते लागले नाहीत. आई परत येते, पदराने तोंड पुसते आणि न बोलता पीठ मळायला घेते.

आता तू कामाला लागतेस. हे काम तुला कुणी शिकवलेलं नाही. काचेचे ग्लास मांडणीवरून काढून पोटमाळ्यावर ठेवायचे. तांदळाच्या डब्यातल्या पैशाच्या पुरचुंडीवर अजून दोन वाट्या तांदूळ ओतायचे. भावंडांना लवकर जेवायला घालायचं, कारण ताट पुढ्यात असताना भांडण झालं तर जेवण तसंच राहतं. वह्या दप्तरात. दप्तर दाराजवळ, म्हणजे शेजारच्या काकींकडे पळायची वेळ आली तर हाताशी राहील. मग दिवा मालवून पडायचं आणि ऐकायचं.

लाकडी जिना आहे. कोणती पायरी कशी वाजते, ते तुला पाठ आहे. पाऊल एका लयीत आलं तर बाबा प्यायलेले नाहीत. तिसऱ्या पायरीवर थांबलं, भिंतीला हात घासल्याचा आवाज आला, तर थोडी झाली आहे. आज रडतील, जिलेबी आणली असेल, झोपेतून उठवून खायला लावतील आणि ‘माझी वाघीण’ म्हणतील. पाऊल आपटत आलं आणि मध्येच कुणाला तरी शिवी हासडली, तर धाकटीला खाटेखाली सरकवायचं. एवढी पारख तू अर्ध्या मिनिटात करतेस. त्या वेळी तुझं काळीज धडधडतं, तळवे गार पडतात आणि पोटात गोळा येतो. वाघ दिसल्यावर पळण्यासाठी शरीर जी तयारी करतं तीच ही तयारी. फरक इतकाच, की वाघ कधीमधी दिसतो आणि जिना रोज वाजतो. रोज तयारीत राहणारं शरीर झोप विसरतं. भूक आणि अभ्यासातलं लक्षही तिच्यासोबत जातं.

आज पाऊल आपटत येतं. नारंगीचा वास त्यांच्याआधी खोलीत शिरतो. पुढचं सांगत नाही, कारण अट पिणाऱ्याकडे न बघण्याची आहे. भावंडांकडे बघ. आठ वर्षांचा भाऊ मुठी आवळून दारात उभा आहे. उद्या तो शाळेत कुणाचं तरी डोकं फोडेल आणि सगळे म्हणतील, बापावर गेलाय. सहा वर्षांची बहीण खाटेखाली आहे. ती इतकी गप्प असते की घरात आहे हेही लोक विसरतात. बाई तिला ‘शांत, गुणी मुलगी’ म्हणतात. चार वर्षांचा धाकटा डोळे चोळत उठतो आणि शेजारच्या म्हाताऱ्या अण्णांची नक्कल करतो. बाबा अडखळतात, हसतात, आणि हात खाली येतो. आज त्याने आईला वाचवलं. उद्यापासून घरात ताण दिसला की हसवणं हे त्याचं कर्तव्य. चार पोरांनी एकाच भीतीला चार वेगळी उत्तरं शोधली आहेत. त्यातल्या तुझ्याच उत्तराचं सगळे कौतुक करतात. ‘पोर किती समजूतदार! आईचा उजवा हात.’ दहा वर्षांचं मूल इतकं समजूतदार का झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

पहाटे तुला ताप भरतो. चाळीत साथ आहे, निम्म्या पोरांना ताप आहे. पण तुझा हिशेब वेगळा आहे. बाबांनी शपथ मोडली, आता तुझी पाळी. तू हे कुणाला सांगत नाहीस. सांगितलं तर बाबांना वाईट वाटेल. ते सकाळी मान खाली घालून चहा पिताहेत आणि तुझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवताहेत. त्याच हाताने.

ताप उतरतो. तू मरत नाहीस. म्हणजे शपथेला काही अर्थ नव्हता. तिथून पुढे कुणी तुला ‘नक्की’ म्हटलं की तू मान डोलावशील आणि मनात धरून चालशील की हे होणार नाही.

शाळेत बाई विचारतात, ‘तीन दिवस कुठे होतीस? आणि गृहपाठ?’ आईने सांगून ठेवलं आहे, ‘घरातलं बाहेर बोलायचं न्हाय. बाबा आजारी हाय म्हणायचं.’ तू तेच म्हणतेस. बडोद्याच्या रंगमंचावरचं खोटं आता तुझ्या तोंडी आहे. इथे टाळ्या नाहीत, वहीवर लाल शेरा आहे.

हे सगळं घडत असताना, त्याच १९८१ साली, अमेरिकेत क्लॉडिया ब्लॅक नावाची समुपदेशक अशाच घरांतल्या मुलांवर पुस्तक लिहिते आहे. दारूच्या घरात मूल तीन नियम शिकतं, असं तिचं निरीक्षण आहे: बोलू नकोस, विश्वास ठेवू नकोस, काही वाटून घेऊ नकोस. लालबागच्या खोलीत ते पुस्तक पोहोचणार नाही. नियम मात्र तिन्ही पोहोचले आहेत. पहिला आईने शिकवला, दुसरा शपथेने, तिसरा तुझा तू शिकते आहेस.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडतात आणि बहुतेकांसाठी मिलचे दरवाजे पुन्हा तसे उघडत नाहीत. पगाराचा दिवस उरत नाही, पिणं उरतं. तुझी आई घरोघरी पोळ्या लाटायला जाऊ लागते. भाऊ नाक्यावर दिसू लागतो. घर तू चालवतेस.

येरवडा, १९८७

तू आता सोळा वर्षांची. दादरहून गाडीने पुण्याला, तिथून बसने येरवड्याला. मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालेलं. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी पैसे दिले आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी ही जागा उभी केली. गर्दवाली तरुण पोरं आहेत, नशा तुटल्यावरच्या टर्कीत तळमळणारी. तुझ्या बाबांच्या वयाचे दारूचे पेशंटही आहेत. बाबाही इथे दाखल आहेत. त्यांच्या हातांचा कंप थांबला आहे. ते तुला बघून हसतात आणि म्हणतात, ‘आजचा दिवस नाही प्यायचो. उद्याचं उद्या.’ कुणाच्या डोक्यावर हात ठेवून जन्मभराची शपथ घ्यायला लावणाऱ्यांपेक्षा इथली भाषा निराळी आहे, हे तुझ्या लगेच ध्यानात येतं.

तुला वाटतं, सुटलो. मग बाबा घरी येतात आणि एक विचित्र गोष्ट घडते. पाच वर्षं रेशन, फी, भावाची पोलीस चौकी, सगळं तू निभावलंस. आता जेवताना बाबा विचारतात, ‘इतका वेळ कुठे होतीस?’ आणि तुझ्या अंगाची लाही होते. बाबा प्यायचे तेव्हा तुला इतका राग कधी आला नव्हता. जिना वाजला की अजून पोटात गोळा येतो. बाबा पिऊन येत नाहीत हे तुझ्या डोक्याला कळलं आहे, पोटाला नाही.

पाठपुराव्याच्या एका भेटीत समुपदेशक बाई बाबांना बाहेर बसवतात आणि तुला विचारतात, ‘तुला जास्त राग कुणाचा येतो?’ तू तोंड उघडतेस आणि तुझ्याच कानांवर विश्वास बसत नाही. ‘आईचा.’ कारण बाबा आजारी होते. शुद्धीत असलेली आईच होती आणि तिने तुला खोटं बोलायला लावलं. तू रडतेस. बाई तुला आईच्या कष्टांची आठवण करून देत नाहीत. रडू देतात. मग तीन गोष्टी सांगतात, ज्या अशा मुलांना जगभर सांगितल्या जातात. ही दारू तुझ्यामुळे लागली नाही. ती तुला थांबवता आली नसती. आणि बाबा उद्या पुन्हा घसरले, इथल्या भाषेत ‘स्लिप’ झाले, तरी तुझं आयुष्य त्यांच्याबरोबर घसरलंच पाहिजे असं नाही.

‘मीपण अशीच होणार का?’ तू विचारतेस. किंवा भावाविषयी विचारतेस. हा प्रश्न या घरातल्या प्रत्येक मुलाच्या पोटात असतो आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलग्यांचा एक अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा जन्मदाता किंवा जन्मदात्री मद्यासक्त होती ते त्यांच्यापासून दूर, दत्तक घरात वाढले, तरी त्यांच्यात मद्यासक्तीचं प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळजवळ चौपट निघालं. रक्तातून काहीतरी येतं. तरीही त्यांच्यातले बहुसंख्य मद्यासक्त झाले नाहीत. म्हणून आपल्याला पहिल्या पेल्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, एवढं मुलाने ओळखावं, पण त्याला कपाळावरची रेघ मानू नये.

दुसरं उत्तर हवाई बेटांमधल्या कवाई या बेटावरून येतं. तिथे १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या, जवळजवळ सातशे, मुलांचा एमी वर्नर आणि त्यांचे सहकारी पुढे अनेक दशकं मागोवा घेत राहिले. त्यांतही दारुड्या आईबापांची मुलं होती. अठराव्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये गंभीर अडचणी दिसल्या नाहीत. एकूणच कठीण परिस्थितीतून जी मुलं तरली, त्यांच्या गोष्टींत एक धागा पुन्हा पुन्हा सापडला. घरात, शेजारात किंवा शाळेत त्यांना निदान एक भरवशाचं मोठं माणूस मिळालं होतं. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. बापाची दारू सुटलीच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती.

शेजारच्या काकी आठवतात? त्या दारूबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यांचं दार रात्री नुसतं लोटलेलं असायचं, कडी नसायची. तुझं दप्तर तिथे पोहोचलं की त्या वाटीत भात-आमटी वाढायच्या आणि म्हणायच्या, ‘बस, पाढे म्हण.’ तू आज नोकरीच्या परीक्षेला बसते आहेस त्यात त्या दाराचा वाटा आहे.

आज

परत आलात. आता पुन्हा ‘तुम्ही’.

मध्ये बरंच घडलं. १९९८ साली अमेरिकेत साडेनऊ हजारांवर प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात कुणी दारुडा किंवा नशेबाज असणं हा त्यातल्या आघातांपैकी एक. मारहाण, अपमान, आईवर उगारलेले हात असे चार किंवा अधिक आघात ज्यांनी सोसले, त्यांच्यात मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न कित्येक पटींनी जास्त दिसले. जिन्यावरच्या पावलांची भीती तिशी-चाळिशीत अशी वर येते. आपल्याकडे १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली. त्यासाठी गावोगावच्या बायका पुढे आल्या, ठराव झाले, मोर्चे निघाले. त्या मोर्च्यांत आयांचं बोट धरून पोरंही चालली. दुकानं बंद झाली हे फार मोठं काम होतं. पण त्या पोरांशी बसून बोलायचं काम कुठल्याच ठरावात नव्हतं.

आणि दारू चाळीतच राहिली असं समजू नका. ती सोसायटीच्या बाराव्या मजल्यावर आहे, चांगल्या ग्लासात, बर्फासकट. कधी बाप पितो, कधी आई. तिथे जिना वाजत नाही, लिफ्ट थांबल्याचा आवाज येतो. मूल तोच ऐकतं. पण दार बंद झालं की आवाज बाहेर येत नाही, आणि काकींचं लोटलेलं दार तिथे नाही.

आपण अजूनही सगळी ताकद पिणाऱ्यावर लावतो. तो सुटला की मुलं आपोआप सुधारतील, असं धरून चालतो. काही सुटतात, काहींना दहा वर्षं लागतात, काही त्याआधीच जातात. बालपण दहा वर्षं थांबत नाही. म्हणून मुलाची मदत बापाच्या उपचाराच्या रांगेत उभी करू नका. ती आजच, वेगळी, सुरू व्हायला हवी.

करायचं काय, ते अवघड नाही. घरात न पिणारं जे माणूस आहे, त्याने मुलाला वयाला झेपेल असं खरं सांगावं: ‘बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तू हे मावशीला किंवा बाईंना सांगू शकतोस.’ मुलाला बाटली आणायला पाठवू नका. बाप कुठे पितोय ते बघायला पाठवू नका. त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेऊ नका. घरात वाजलं तर रात्री कुठल्या घरी जायचं आणि कुणाला फोन करायचा, हे शांत दिवशी ठरवून ठेवा. मारहाण होत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. पिणाऱ्यासाठी आणि घरच्यांसाठी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे. दोन्ही निःशुल्क. अल-अनॉनच्या सभा पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतात, पिणारा येवो न येवो.

तुम्ही शिक्षक असाल, तर सोमवारी पेंगणाऱ्या, फार गुणी असणाऱ्या किंवा उगाच भांडणाऱ्या मुलाला बाजूला घ्या. ‘बाबा पितात का?’ असं विचारू नका, ते नाहीच म्हणेल. ‘रात्री झोप होते का?’ एवढंच विचारा आणि आठवड्याने पुन्हा विचारा. पहिल्यांदा ते खोटं बोलेल, कारण त्याला तसंच शिकवलं आहे. दुसऱ्यांदाही बोलेल. तुम्ही तिसऱ्यांदा विचाराल तेव्हा त्याला कळेल, की म्हटलेलं पाळणारं एक मोठं माणूस या जगात आहे. ते माणूस होण्यासाठी दुसऱ्या कुणाची दारू सुटायची वाट पाहावी लागत नाही.